पत्रा की कौलं? आधी वासे बघा

जुनं कौलारू छप्पर गळतंय, काय करावं, या प्रश्नावर एकांनी सगळी कौलं उतरवून पत्रा टाकायला सांगितलंय, तर दुसऱ्यांचं म्हणणं फुटकी तेवढी बदला. मी म्हणेन, आधी लाकूड तपासा. वासे भिंतीवर टेकतात तिथे ओल धरून बसते, त्यामुळे बहुतेकदा टोकंच आधी कुजतात. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर कौलं बदलून काहीही साधणार नाही. वासे ठणठणीत असतील आणि गळती दोनचार जागीच असेल, तर दुसरं मत बरोबर.

पत्र्याच्या बाजूने मोठा मुद्दा वजनाचा. मातीची कौलं चौरस मीटरला साधारण ४० ते ५० किलो भरतात, अर्धा मिलिमीटर पोलादी पत्रा जेमतेम ५. थकलेल्या सांगाड्याला हा दिलासाच. पण हलकं छप्पर वारा खालून उचलतो, म्हणून वासे भिंतीला पक्के जखडायला हवेत. हे काम कंत्राटदार सहसा आपणहून सुचवत नाही! शिवाय उष्णता आणि पावसाचा आवाज. पत्र्याखाली इन्सुलेशन आत्ताच घाला, नंतर घालायचं म्हणजे सगळं पुन्हा उचकटणं आलं. स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होतात, तेही अधूनमधून बदलावे लागतात.

घरावर कुठे आधीचे सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असू शकतं. असे पत्रे फोडू, कापू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली की कर्करोगाचा धोका असतो. जाणकार माणसाकडूनच अख्खे उतरवून घ्या.