आरएक्स १०० : क्लचकडचे स्क्रू हलेनात, डोकी निम्मी गेलीत

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. गाडी यामाहा आरएक्स १००, १९८९चं मॉडेल, वडिलांची. जुलै २०२१मध्ये चिपळुणात पाणी भरलं तेव्हा खालीच उभी होती, टाकीच्या वर पाणी गेलं. नंतर एका मेकॅनिकने नुसतं ऑइल बदलून परत दिली. तेव्हापासून उभीच आहे. आता गियर टाकून क्लच दाबला तरी मागचं चाक मोकळं होत नाही, म्हणजे प्लेटा चिकटल्यात. उजवीकडचं कव्हर काढायला घेतलं. बाकीचे स्क्रू आले, खालचे दोन मात्र जागचे हलत नाहीत आणि त्यांची डोकी आधीच कुणीतरी खाऊन ठेवलीत. ते निघाले तरी पुढे प्रेशर प्लेटचे (क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी ती) स्प्रिंगवाले स्क्रू आहेतच. जुनं ओरिजिनल केसिंग फुटलं तर परत कुठून आणू? म्हणून हातोडी उचलायच्या आधी विचारतोय.

दोन_स्ट्रोक_कोल्हापूर
भावा, डब्ल्यूडी-फोर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मार, रात्रभर ठेव. सकाळी डोक्याच्या कडेला बारीक छिन्नी लावून उलट्या दिशेला ठोक. आमच्याकडं असंच काढतात, निघतंय.

टूलरूम_पिंपरी
छिन्नी थांबवा जरा. तो उपाय आहे, पण शेवटचा.

आधी स्क्रू का अडकलाय ते बघा. कव्हरचे स्क्रू पोलादाचे, केसिंग ॲल्युमिनियमचं. मध्ये पाणी गेलं की ॲल्युमिनियम गंजून त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. आटे कव्हरच्या मागे, आत केसिंगमध्ये आहेत, त्यामुळे डोक्यावर मारलेला स्प्रे तिथवर क्वचितच पोचतो. तिथे उष्णता कामाला येते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पेट्रोल टाकी काढून लांब ठेवा आणि हीट गनने स्क्रूभोवतीचं केसिंग तापवा, स्क्रू नव्हे. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र व्हायला लागला की पुरे. गॅसचा बर्नर नको.

आता पेचकस. या गाडीच्या स्क्रूंची फुली जपानी पद्धतीची आहे, पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपकाही असतो. आपला नेहमीचा फिलिप्स त्यात घातला की टोक तळाला टेकतं, बाजू नीट धरत नाहीत आणि जोर दिला की पेचकस उसळून बाहेर येतो. तुमची डोकी बहुधा अशीच गेली. जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा बिट मागवा, सहा एमएमच्या स्क्रूला तीन नंबर, पाचला दोन. फुलीतली घाण सुईने उकरून काढा, बिटच्या टोकाला वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (वॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट) लावा, पकड लगेच कळेल. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडी मारली की फिरणारा पेचकस) उलट्या दिशेला लावून हातोडीचा एकच नेमका घाव. घाबरत मारलेले दहा घाव डोकं खातात.

तरीही नाही आला तर डोकंच ड्रिलने उडवा. सहाच्या स्क्रूला सहाचाच ड्रिल, डोकं सुटलं की थांबा. कव्हर सरळ बाहेर येतं आणि उरलेल्या दांड्यावरचा ताण गेलेला असतो. व्हाइस ग्रिपने (आवळून जागीच अडकणारी पक्कड) धरून फिरवला की बरेचदा सहज निघतो.

प्रेशर प्लेटच्या स्क्रूंना मात्र इम्पॅक्ट ड्रायव्हर लावायचा मोह टाळा. ते ज्या खुंट्यांमध्ये बसतात त्या ॲल्युमिनियमच्या आहेत, आणि घाव थेट गियरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. गाडी गियरमध्ये टाका, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे क्लच फिरणार नाही. टी-हँडलला तोच बिट लावून अंगाचा भार देऊन सोडवा. समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा आटा ढिले करत जा. एकच पूर्ण काढला तर स्प्रिंगांचा दाब एका बाजूला येऊन प्लेट तडकते.

कव्हर ओढण्याआधी किक काढा आणि ऑइल पंप अजून जागेवर असेल तर त्याची केबल नि नळ्या सांभाळा.

वाशिष्ठीकाठ
काका, मनापासून आभार. बिट ऑनलाइन मागवला. एक स्क्रू तापवल्यावर पेस्ट लावून आला, आट्यांत खरंच पांढरी भुकटी होती. दुसऱ्याचं डोकं उडवावं लागलं, दांडा व्हाइस ग्रिपने निघाला. केसिंगला चरा नाही. स्प्रिंगवाले स्क्रू तुम्ही सांगितलं तसेच सोडवले. आत स्टीलच्या प्लेटा लालभडक आणि पूर्ण जाम. आता कव्हरला ॲलन बोल्ट टाकू का?

टूलरूम_पिंपरी
टाका, पण स्टेनलेस असले तरी आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावूनच. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचंही कोकणातल्या हवेत जमत नाही. ॲलन की लांब असते, नकळत जास्त जोर बसतो आणि केसिंगचे आटेच बाहेर येतात. आखूड बाजू हातात धरून आवळा. पॅकिंग नवीन घ्या, जुनं सिलिकॉन लावून चालवू नका. नव्या क्लच प्लेटा बसवण्याआधी रात्रभर गियरबॉक्सच्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

आणि कव्हर उघडलंच आहे तर क्रँकचं उजवीकडचं ऑइल सील बदलून घ्या. ते कडक झालं असेल तर गियरबॉक्सचं ऑइल क्रँकमध्ये ओढलं जातं, गाडी पांढरा धूर सोडते आणि लोक उगाच पिस्टन-रिंगला दोष देतात. टाकीच्या वर पाणी गेलं होतं म्हणताय, तर क्रँकचे बेअरिंग हाताने फिरवून बघितल्याशिवाय किक मारू नका. खरखर लागली तर इंजिन पूर्ण खोला.

दोन_स्ट्रोक_कोल्हापूर
काका, ते पेस्टचं आम्हाला म्हाईत नव्हतं. वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट ऑटो पार्टच्या दुकानात छोट्या डबीत मिळते, जाडी नि बारीक दोन्ही असतात. यातली कुठली घ्यायची?

टूलरूम_पिंपरी
जाडी. काम झालं की फुलीतून आणि आजूबाजूने पुसून काढा, कण इंजिनमध्ये जाऊ देऊ नका.