पंप नाही मग लिम्फ वर चढतं कसं?

लिम्फ म्हणजे शरीरातल्या ऊतींमध्ये साठलेलं, गोळा होऊन परत रक्तात जाणारं जादा पाणी. त्याला हृदयासारखा पंप नाही हे बरोबर, पण म्हणून ते फक्त चालण्या-फिरण्यानेच सरकतं असं कोणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) भिंतीत स्वतःचे स्नायू असतात, ते आपोआप आकुंचन पावतात, आणि आत थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात त्यामुळे मागे यायचा प्रश्नच नाही. स्नायूंची हालचाल आणि श्वास त्यात भर घालतात, म्हणून तर एका जागी तासन्‌तास बसलं की पाय सुजतात (अर्थात ते एकच कारण नसतं).

मला भारी वाटतं ते या वाहिन्यांचं सुरुवातीचं टोक, जिथे पाणी आत शिरतं. तिथल्या पेशींच्या कडा एकमेकांवर चढलेल्या, आत ढकललं की उघडणाऱ्या दारासारख्या, आणि बाहेरून बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या. पाणी साठून ऊती फुगली की तंतू ताणले जातात आणि दार उघडतं, म्हणजे सूजच स्वतःचा निचरा सुरू करते! आतड्यातली चरबीपण याच वाटेने जाते, त्यामुळे जेवणानंतर तिथलं लिम्फ दुधाळ दिसतं. शेवटी बहुतेक सगळं मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या शिरेत रिकामं होतं, उजवा हात, छातीचा उजवा भाग आणि डोक्याची उजवी बाजू तेवढी वेगळी, तिथलं उजव्या बाजूच्या शिरेत जातं.

बाकी लिम्फ साफ करतो म्हणणारे 'लिम्फ डिटॉक्स' चहा वगैरे सोडून द्या.