अमेरिकेत गाडीने लांबचा पल्ला: मधल्या रस्त्याचे अनुभव सांगा

यलोस्टोनमध्ये काय बघायचं, ग्रँड कॅन्यनला कुठे उतरायचं, हे कोणालाही विचारलं तरी भरभरून माहिती मिळते. पण तिथे पोचेपर्यंत जे आठशे-हजार मैल कापावे लागतात त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला नेमकं तेच हवंय.

येत्या जूनमध्ये आम्ही शिकागोहून सिअ‍ॅटलला बिऱ्हाड हलवतोय. सामान ट्रकने जाईल. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई गाडीने निघणार. आय-९० हा महामार्ग धरून दोन हजार मैलांच्या थोडं वर. सगळे म्हणतात विमानाने जा, अर्ध्या दिवसात पोचाल. पण इतकी वर्षं इथे राहून हा देश मी बहुतेक विमानाच्या खिडकीतूनच पाहिलाय. १९०३ साली होरेशियो नेल्सन जॅक्सन या डॉक्टरने ५० डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्क गाठलं, तेव्हा ६३ दिवस लागले होते आणि पश्चिमेत धड रस्ते नव्हते. आपल्याला तर रस्ता आयता मिळालाय.

तुमचे अनुभव लिहा. चांगले, वाईट, कंटाळवाणे, सगळे चालतील.

*

सगळ्यात आधी लेकीला रस्त्यावरचे आकडे वाचायला शिकवा. मुख्य इंटरस्टेटचे सम आकडे म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ते, विषम म्हणजे दक्षिण-उत्तर. समांचे आकडे दक्षिणेकडून वाढत जातात, म्हणून आय-१० खाली आणि आय-९० वर. विषमांचे पश्चिमेकडून, म्हणून आय-५ पॅसिफिकच्या बाजूला आणि आय-९५ अटलांटिकच्या.

मैलाच्या पाट्यांची मोजणी राज्याच्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या हद्दीपासून सुरू होते. तुम्ही पश्चिमेला निघालात, म्हणजे आकडे उतरत जाणार. मोंटानात शिरलात की साडेपाचशेच्या आसपासची पाटी दिसेल. जो आकडा दिसेल तेवढे मैल आयडाहोची हद्द लांब. आमच्या मुलाने 'किती राहिलं' विचारणं त्या दिवसापासून सोडलं, तोच आम्हाला सांगायला लागला.

आणि गाडी बंद पडली तर ९११ला हाच आकडा सांगायचा. आजूबाजूला ना गाव ना झाड, दुसरी खूण सांगणार कसली?

*

साउथ डकोटाबद्दल मी लिहिते, कारण तुम्ही तिथूनच जाणार आहात. आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही मिनिअ‍ॅपोलिसहून रॅपिड सिटीला गेलो, त्यातला बराचसा रस्ता आय-९०च.

सू फॉल्स सोडलं की मका आणि सोयाबीन. बाबांचा जन्म शेतीत गेला, त्यामुळे ते शेतांचा आकार बघूनच हरखले होते. एवढ्या रानात माणूस कसा दिसत नाही, हे त्यांनी किती वेळा विचारलं असेल. मग चेंबरलेनला मिझुरी नदी आडवी येते. नदी ओलांडली की बघता बघता पिकं विरळ होतात आणि गवताच्या टेकड्या आणि गुरं सुरू होतात. पूर्व आणि पश्चिम म्हणजे काय, ते तिथे पुलावरून जाताना डोळ्यांना दिसतं.

पुलाच्या अलीकडे उंचावर रेस्ट एरिया आहे, तो चुकवू नका. तिथे ५० फूट उंचीचा स्टीलचा पुतळा आहे, २०१६ मध्ये उभारलेला. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक स्त्री, दोन्ही हातांनी पाठीमागे चांदणीच्या नक्षीची गोधडी उलगडून धरलेली. गोधडीचे निळे तुकडे धातूचे आहेत आणि वारा आला की हलतात. आई गुडघे धरत गाडीतून उतरली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हिच्या अंगावर गोधडी आहे की!" शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने मोबाइलमधला आपल्या गोधडीचा फोटो दाखवला, मग त्यांनी नातवासाठी शिवलेल्या गोधडीचा. एक बोट टाक्यांवर फिरवून काहीतरी विचारत होती, दुसरी हाताने सुई ओढायची खूण करून सांगत होती. आम्ही कॉफी घेऊन नुसते उभे होतो. तो थांबा तासाभराचा झाला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढे वॉल ड्रगच्या पाट्या लागतील, मैलोन्‌मैल. १९३१ मध्ये टेड हस्टेड यांनी घेतलेलं ते औषधाचं दुकान चालत नव्हतं. १९३६च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी यांना सुचलं की वाटसरूंना फुकट बर्फाचं पाणी देतो अशा पाट्या रस्त्यावर लावाव्यात. पाणी अजून फुकट आहे. राज्याच्या मध्यावरच घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा हॉटेलची वेळ त्या हिशेबाने धरा. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दोन दिवस सहज टिकतात.

*

माझा अनुभव हिवाळ्यातला आहे. तुम्ही जूनमध्ये जाताय, पण वाचणाऱ्यांत कोणी डिसेंबरात निघणारं असेल म्हणून लिहितो.

एमएस संपवून पहिल्या नोकरीसाठी ओहायोतून सॅक्रामेंटोला निघालो. जुनी सेडान, मागच्या सीटवर सगळा संसार. आय-८०. वायोमिंगमधल्या शायनपर्यंत काही झालं नाही. शायन ते लॅरमीच्या मध्ये या रस्त्याचा सर्वात उंच माथा आहे, ८,६४० फूट. खरी परीक्षा लॅरमीच्या पुढे, रॉलिन्सपर्यंतच्या शंभरेक मैलांत. लॅरमीच्या बाहेर हायवेला चक्क फाटक आहे, रेल्वेच्या फाटकासारखं. मी पोचलो तेव्हा ते पडलेलं होतं आणि ट्रकांची रांग लागली होती.

मला कळेना, कारण आकाश स्वच्छ निळं होतं. बर्फ पडतच नव्हता. पडलेला बर्फ वारा उचलत होता. डांबराला घासून पांढरा धूर आडवा वाहत होता, माणसाच्या कमरेएवढा. वर ऊन, खाली रस्त्याची रेघसुद्धा दिसत नाही.

ट्रकच्या थांब्यावर एक पंजाबी पाजी भेटले. या रस्त्यावर आणि आय-४०वर पंजाबी ड्रायव्हर खूप आहेत, त्यांच्यासाठी चालणारे ढाबेही आहेत. त्यांनी मला समोर बसवून डाळ-रोटी खाऊ घातली आणि हिंदीत एकेक गोष्ट समजावली. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, कारण अडकलास तर इंजिनच तुझा हीटर. अडकलास तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. इंजिन चालू करण्याआधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो. आणि वारा असताना ट्रकच्या बाजूने रेंगाळायचं नाही. "माल भरलेला ट्रेलर उभा राहतो, रिकामा उलटतो. कुठला रिकामा आहे ते तुला बाहेरून कळणार नाही." पुढे एल्क माउंटनपाशी दोन ट्रेलर आडवे पडलेले दिसले, तेव्हा त्यांचं बोलणं आठवलं.

फाटक दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. रॉलिन्सच्या पुढे ग्रेट डिव्हाइड बेसिन लागतं. तिथे पडलेला पाऊस ना अटलांटिककडे जातो ना पॅसिफिककडे, तिथेच जिरतो नाहीतर वाळून जातो. हे शाळेत कुठे वाचलं नव्हतं. त्या उजाड पठारावर तासन्‌तास गाडी चालवताना मला एकटेपणा वाटला, पण भीती वाटली नाही. ते पाजी कोण, कुठले, नावही नीट विचारता आलं नाही. आजही त्यांचा ऋणी आहे.

*

मी एसटीत चालक होतो, आता निवृत्त आहे. डेन्व्हरला मुलाकडे आलो होतो, तेव्हा त्याने आय-७० वरून यूटाला नेलं. गाडी तोच चालवत होता, मी शेजारी बसून रस्ता बघत होतो.

आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. आमच्या कसारा घाटाची उंची तिथे कुठच्या कुठे राहिली. लांबी १.७ मैल. १९५६ मध्ये ज्या राष्ट्राध्यक्षांनी या महामार्गांच्या कायद्यावर सही केली त्यांचंच नाव बोगद्याला दिलंय. बोगदा संपला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार. तिथे रस्त्याच्या कडेने एक फाटा डोंगरावर चढताना दिसला, सगळा सुट्या खडीने भरलेला, आणि पुढे कुठेच जात नव्हता. मी मुलाला काही विचारलं नाही, बघताक्षणी समजलं. ब्रेक गेलेला ट्रक त्यात घालायचा, चाकं खडीत रुततात आणि चढावर गाडी थांबते. खडीत ताज्या चाकोऱ्या होत्या. त्या दिवशी कोणाचा तरी जीव वाचला होता. मी हात जोडले.

मुलगा उतारावर सारखा ब्रेक दाबत होता. त्याला म्हटलं, पाय काढ आणि गिअर खाली घे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर घेता येतो, हे इथल्या बऱ्याच मुलांना माहीत नसतं. तुमच्याही रस्त्यावर मोंटानात आणि आयडाहोत घाट आहेत. ब्रेक तापू देऊ नका. ताई, सासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा. म्हाताऱ्या माणसाला मागे बसून डोंगर दिसत नाहीत, फक्त वळणं जाणवतात.

*

टेक्सास: आय-१०चे तिथे सुमारे ८८० मैल आहेत. एल पासोहून ह्यूस्टनपेक्षा सॅन डिएगो जवळ पडतं. सिएरा ब्लँकापाशी बॉर्डर पट्रोलचा नाका लागतो, मेक्सिकोत पाऊल न ठेवताही. आपण नागरिक नसलो तर पासपोर्ट आणि आय-९४ (हा रस्ता नव्हे, देशात प्रवेश केल्याच्या नोंदीचा कागद) किंवा ग्रीन कार्ड जवळ असायलाच हवं, ते कुठल्याही रस्त्यावर. नाक्यावरचा माणूस आमच्याशी नीट बोलला, दोन मिनिटांत सोडलं.

*

कॅलिफोर्नियात शिरताना शेतीखात्याचा नाका असतो. फळं, रोपं विचारतात. आपल्या लोकांनी कढीपत्त्याचं रोप तर अजिबात नेऊ नये. संत्र्या-लिंबांची झाडं मारणारा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावर वाढते. हे कळल्यावर मी शेजारणीकडे रोप ठेवून आले. वाईट वाटलं, पण तिथल्या बागा हजारो लोकांचं पोट भरतात.

*

आम्ही फिनिक्सला राहतो. जुलैतल्या एका दुपारी टूसॉनहून परत येत होते, मी आणि मागच्या सीटवर झोपलेला मुलगा. समोर क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली. आधी वाटलं डोंगर आहे, पण तो जवळ येत होता.

इथे धुळीच्या वादळासाठी जे शिकवतात ते वरवर उलटं वाटेल. रस्त्याच्या जितकं बाहेर जाता येईल तितकं जायचं, हँडब्रेक लावायचा, सगळे दिवे बंद करायचे, इमर्जन्सीचेसुद्धा, आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. कारण मागून येणारा धुळीत लाल दिवा दिसला की तोच रस्ता समजून त्याच्या मागे येतो आणि थेट आदळतो.

मी तसंच केलं. भर दुपारी अंधार झाला. काचेवर वाळू बारीक चरचरत होती, गाडी डुलत होती, आणि डावीकडून कोणी वेगाने गेल्याचा फक्त आवाज येत होता. दिवा लावायला हात शिवशिवत होता. मुलगा जागा झाला, त्याला म्हटलं गोष्ट सांगते. गोष्ट संपायच्या आत उजाडलं. आमच्या पुढे काही अंतरावर आणखी एक गाडी तशीच दिवे मालवून उभी होती. त्या बाईंनी हात केला, मीही केला.

*

मी थोडं वेगळं सांगते. मला हे प्रवास आवडत नाहीत, आणि कोणाला आवडले नाहीत तर त्यात कमीपणा काही नाही. कॅन्सस ओलांडताना सासऱ्यांचे पाय सुजले. डॉक्टरांनी सांगितलं की तासन्‌तास एका जागी बसल्याने पायात रक्ताची गाठ होऊ शकते. दर दोन तासांनी त्यांना उतरवून चालवायला हवं, झोपले असले तरी उठवून. आणि सासूबाईंना खरोखर यायचंय का, ते त्यांना एकटीला विचारा. मुलगा-सून समोर असले की आपली माणसं नाही म्हणत नाहीत.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा सल्ला मानला. काल त्यांना एकटीला विचारलं. म्हणाल्या, "मला ती गोधडीवाली बघायचीय. तिच्या पुढे झेपलं नाही तर विमानात बसवा." म्हणून रॅपिड सिटीहून सिअ‍ॅटलच्या विमानांची चौकशी करून ठेवलीय. दिवसाला चारशे मैलांच्या वर जायचं नाही, असं ठरवलंय. अजून काही राहिलं का?

*

स्टेपनी. आजच डिकीचा तळ उचलून बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनी देतच नाहीत, पंक्चर बुजवायचं द्रावण आणि छोटा पंप असतो. टायर बाजूने फाटला तर त्याचा उपयोग नाही, आणि मोंटानात टायरचं दुकान पुढच्या वळणावर नसतं. तुमच्या गाडीच्या मापाची स्टेपनी आणि जॅक आत्ताच घ्या, आणि घराच्या दारात एकदा चाक बदलून बघा, दोघांनीही.