हिमोग्लोबिन वाढले, तरी लोहाच्या गोळ्या चालू का ठेवायच्या?

प्रश्न
दोन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्यावर माझे हिमोग्लोबिन ९.२ वरून १२.४ वर आले आणि थकवाही गेला. तरी डॉक्टरांनी आणखी तीन महिने गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. ही मुदत कशासाठी, आणि गोळीसोबत चहा का वर्ज्य, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १
हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून साठ्याचा अंदाज येत नाही. प्रौढ शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते आणि उरलेल्यातले बरेचसे यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेत फेरिटिन या प्रथिनात साठवलेले असते. तुटवडा पडला की शरीर आधी हा साठा उपसते आणि तो आटत आल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागते. भरपाईचा क्रम मात्र उलटा असतो: आलेले लोह आधी नव्या तांबड्या पेशींच्या वाट्याला जाते, कोठार मागाहून भरते. पुढचे तीन महिने त्या कोठारासाठी आहेत. फेरिटिन तपासून घ्यायचे असेल तर तापात किंवा संसर्गात घेऊ नका, कारण दाह असताना ते वाढलेले दिसते.

प्रतिसाद २
चहाचे म्हणाल तर कोऱ्या चहात लोहाच्या औषधाचे चार थेंब टाकून पाहा. चहा शाईसारखा काळा पडतो. चहातील टॅनिन लोहाला असेच आतड्यातही बांधून टाकते आणि ते संयुग शोषले जात नाही. क जीवनसत्त्वाचे काम नेमके याच्या उलट, ते लोहाला शोषण्याजोग्या फेरस रूपात ठेवते. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी घ्यावी.

प्रश्नकर्ता
मग दिवसाला दोन गोळ्या घेऊन मुदत निम्मी करता येईल का?

प्रतिसाद १
तसा हिशेब जमत नाही. मोठी मात्रा पोटात गेली की यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक जास्त सोडते आणि आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट साधारण दिवसभर अरुंद होते. म्हणूनच काही डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात. न शोषलेले लोह पोटातच राहून मळमळ आणि बद्धकोष्ठता मात्र वाढवते.

प्रतिसाद ३
एक पुस्ती जोडतो. जादा लोह बाहेर टाकण्याची वेगळी सोय शरीरात नाही, दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम झिजेतून जाते, त्यामुळे तीन महिन्यांनंतर डॉक्टरांना न विचारता गोळ्या लांबवू नका. शिवाय लोह मुळात कमी का झाले, हे त्यांना विचारले आहे ना?