पंख असलेल्या नायिकेची चोळी शिवायची कशी?

प्रश्न: मी चित्रकथा काढतेय. नायिकेचे पंख पाठीतून निघतात, मिटले की पोटऱ्यांपर्यंत येतात. चोळीला मागे दोन भोकं दाखवली, पण एवढे पंख त्यातून ओवणार कसे? तीन रात्री नुसती खोडतेय.

उत्तर १: ताई, मी २२ वर्षं ब्लाउज शिवतेय. भोकं विसरा, बाराबंदी आठवा. नाड्यांवर बसणारं कापड कुठूनही उघडतं. पुढचा भाग अखंड ठेवा. मागचा भाग पंखांच्या खालून कमरेला बांधा आणि मधली पट्टी दोन पंखांमधून वर नेऊन खांद्यावर नाडीने गाठा. म्हणजे काही ओवायलाच नको. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पंखासाठी जी चीर राहते, ती जिथे संपते तिथेच पंख सारखा घासणार, कापड आधी तिथेच फाटेल. तिथे उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीची गोट दुहेरी लावा. उरेब कापड ताण घेतं, सरळ पट्टी उसवते. आणि गाठी तिच्या हाताला पोचतील अशा काढा हो, रोज कोण बांधून देणार तिला?

उत्तर २: पक्षी बघणारा म्हणून सांगतो, उडण्याचे मोठे स्नायू पाठीत नसतात, छातीत असतात, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, पुढे आलेल्या उभ्या धारेला जोडलेले. छातीवर कापड सैल हवं. नव्या फुटणाऱ्या पिसांत रक्त असतं, ती दुखावतात. पिसं फुटण्याच्या दिवसांत मऊ, जुनं सुती लुगडंच द्या.

प्रश्नकर्ती: मधली पट्टी! आत्ताच काढून बघितली, बसतेय. खाली कासोट्याची नऊवारी देतेय, पदर मात्र कमरेला खोचलेला.

उत्तर १: पदर घट्ट खोचा. वाऱ्यात सुटला तर आधी पंखातच अडकेल.