मिन्स्ट्रल शोला मराठीत काय म्हणावं?

आडवाटकर: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवरचा मजकूर मराठीत आणतोय. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या गुलामांची नक्कल करायचे, तो मिन्स्ट्रल शो. मी 'सोंगांचा तमाशा' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'भाट-चारणांचा खेळ' केलं. कोशात 'मिन्स्ट्रल'ला भाट आहे, मान्य. पण इथे तो कुणाची स्तुती गातोय?

पानसुपारी: भाट साफ चूक. पण तमाशाही नको. आपल्या वगात सोंगाड्या राजाची, पाटलाची टोपी उडवतो आणि फडातले कलावंत बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. तिकडे नेमकं उलटं, वरच्यानं खालच्याची उडवायची.

शुद्धमती: शिवाय तमाशा अरबी. 'कृष्णमुखनाट्य' म्हणा.

पानसुपारी: लोक रासलीला समजून येतील हो!

बोस्टनवासी: हसू नका. 1830 च्या सुमारास टॉमस राइसनं 'जिम क्रो' हे सोंग गाजवलं, पुढे दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांना तेच नाव चिकटलं. 1843 मध्ये न्यूयॉर्कला चौघांनी 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स' काढलं आणि असल्या कंपन्यांचं पेवच फुटलं. अर्धगोलात खुर्च्या, एका टोकाला खंजिरीवाला, दुसऱ्या टोकाला हाडं वाजवणारा. युरोपची उसनवारी नाही, हे आमचं, म्हणून मिरवलेली ही पहिली करमणूक. 1854 मध्ये अमेरिकी आरमाराच्या कमोडोर पेरीच्या खलाशांनी जपानी अधिकाऱ्यांना जहाजावर बोलावून तोंडं काळी करून हाच खेळ दाखवला! दक्षिणेनं यादवी युद्धात डोक्यावर घेतलेलं 'डिक्सी' हे गाणंसुद्धा 1859 मध्ये न्यूयॉर्कच्या मिन्स्ट्रल रंगमंचावर आलं, ओहायोच्या डॅन एमेटच्या नावावर.

शुद्धमती: 'तोंड काळं करणे' म्हणजे नजरेआड होणे. रंग लावायला 'काळं फासणे'.

आडवाटकर: आणि आपल्याकडे ज्याला फासतात त्याची बेअब्रू. इथे स्वतःला फासून दुसऱ्याची. पिटातल्या नुकत्या उतरलेल्या आयरिश मजुरालाही तेवढ्यापुरतं पक्कं गोरं झाल्यासारखं वाटायचं, असं माझं मत.

हावडाब्रिज: तमाशाला एक साक्षीदार देतो. डेव्ह कार्सन नावाचा मिन्स्ट्रलवाला कलकत्त्यात 'बंगाली बाबू'ची टर उडवायचा. 1870 च्या दशकात बंगाली नट अर्धेंदुशेखर मुस्तफींनी उलट साहेबाचंच सोंग काढलं. नाव काय? 'मुस्तफी साहब का पक्का तमाशा'.

पानसुपारी: म्हणजे तमाशा उत्तराला शोभला, मूळ खेळाला नाही. माझाच मुद्दा.

शुद्धमती: बंगाल्यांची साक्ष मराठीला लागू नाही.

गल्लीबोळ: मजकुरात बँजो आलाय का? आपल्याकडे बँजो म्हणजे गणपतीपुढची पार्टी, बटणं दाबायचा बुलबुलतरंग. तिकडचा बँजो गुलामांनी आफ्रिकेच्या आठवणीतून भोपळ्यावर कातडं ताणून केलेला. तळटीप टाका.

बोस्टनवासी: मिन्स्ट्रलच्या काळात भोपळा जाऊन लाकडी कडं आलं होतं.

गल्लीबोळ: मग बुलबुलतरंगाला बँजो म्हणायचं पाप कुणाचं?