मदत हवी आहे: स्पेक्ट्रोग्राममध्ये ट्रिलचे सूर सुटे दिसत नाहीत

मंडळी, पक्ष्यांचे आवाज हौसेखातर रेकॉर्ड करतो, एका गाण्यावर गाडी अडलीये. गाण्याच्या शेवटी भरभर ट्रिल (सुरांची झपाट्याने होणारी पुनरावृत्ती) आहे, कानाला सूर सुटे लागतात, पण ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (वेळेनुसार फ्रिक्वेन्सी दाखवणारं चित्र) विंडो साइज (एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा) २०४८ सॅम्पल ठेवली की सगळा एकच पट्टा दिसतो आणि ५१२ केली की सूर सुटे होतात पण प्रत्येक रेघ वरखाली इतकी जाड होते की सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी नेमकी कुठे धरायची तेच कळेना. फाइल ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) वेव्ह आहे, एमपी३ नाही, म्हणजे २०४८ ची विंडो साधारण ४३ मिलिसेकंदांची, त्यात लागोपाठचे सूर एकमेकांत मिसळत असणार, इथवर समजलंय. हाय-पास (खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला, वाऱ्याची घरघर गेली, पण किडे नेमके गाण्याच्याच पट्ट्यात किरकिरतायत, तिथे तो काय करणार. नॉइज रिडक्शन सुरांच्या कडाच खातं, मोजमापाला नको.

पक्षी डोळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे ओळखणारी अ‍ॅप्स सुचवू नका प्लीज. सॉफ्टवेअर फुकटच हवं, आणि पुन्हा रेकॉर्डिंग सध्या शक्य नाही. तर सुरांचा वेग ५१२ वर आणि फ्रिक्वेन्सी २०४८ वर असं वेगवेगळं मोजलं तर चालतं का, की दोन्ही आकडे एकाच सेटिंगवर घ्यावे लागतात?